प्रायमरीला दिसणारे ओहम: ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचं गुणोत्तर आणि लोड

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा, एखादा आउटपुट ट्रान्सफॉर्मर हातात घ्या. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये बसतो तो हा. त्यावर लिहिलेलं असतं: प्रायमरी (व्हॉल्व्हकडचं वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी) ५००० ओहम, सेकंडरी (स्पीकरकडचं वाइंडिंग) ८ ओहम. मल्टिमीटर ओहमच्या रेंजवर ठेवून प्रायमरीला लावला की आकडा येतो ३०० च्या आसपास. सेकंडरीला लावला तर जेमतेम अर्धा ओहम. मग ते ५००० गेले कुठे? नवशिका इथे ठरवून टाकतो की वाइंडिंग शॉर्ट झालं. चांगले, धडधाकट ट्रान्सफॉर्मर केवळ या मोजणीवरून भंगारात गेलेले मी पाहिले आहेत, आणि दर वेळी हळहळ वाटली आहे.

ते ५००० ओहम ट्रान्सफॉर्मरच्या आत नसतातच. सेकंडरीला जोडलेल्या स्पीकरचे ८ ओहम प्रायमरीच्या बाजूने पाहिले की ५००० दिसतात, एवढाच त्याचा अर्थ. स्पीकर काढला की ते ५००० ही जातात. ट्रान्सफॉर्मरकडे स्वतःचं असतं ते वेढ्यांचं गुणोत्तर. लोडचे ओहम किती पटींनी मोठे किंवा लहान दिसणार, हे त्या गुणोत्तराचा वर्ग ठरवतो. ही गोष्ट पक्की बसली की आउटपुट ट्रान्सफॉर्मर, लाइन ट्रान्सफॉर्मर, मायक्रोफोनचा ट्रान्सफॉर्मर, अँटेना आणि केबल जुळवणारा बालन ही सगळी एकाच सूत्राची मंडळी आहेत हे लक्षात येतं.

वर्ग कुठून येतो

सूत्राआधी आकडे घेऊ. प्रायमरीला २५०० वेढे आणि सेकंडरीला १०० वेढे, म्हणजे गुणोत्तर २५. सेकंडरीवर ८ ओहमचा लोड. प्रायमरीला ५० व्होल्ट एसी दिले.

व्होल्टेज वेढ्यांच्या प्रमाणात विभागलं जातं, कारण गाभ्यातला चुंबकी प्रवाह दोन्ही वाइंडिंगमधून एकच वाहतो आणि तो प्रत्येक वेढ्यात सारखंच व्होल्टेज निर्माण करतो. इथे वेढ्यामागे ०.०२ व्होल्ट. सेकंडरीचे १०० वेढे, म्हणजे २ व्होल्ट. हे २ व्होल्ट ८ ओहमवर पडले की ०.२५ अँपिअर करंट वाहतो.

आता खरी गंमत. सेकंडरीतला हा करंट गाभ्यातला चुंबकी प्रवाह कमी करू पाहतो. प्रवाह कमी झाला तर प्रायमरीत उलट दिशेने तयार होणारं व्होल्टेजही कमी होईल. पण बाहेरचे ५० व्होल्ट तर तसेच उभे आहेत. म्हणून प्रायमरी बाहेरून जादा करंट ओढते आणि सेकंडरीचा परिणाम भरून काढते. किती जादा? अँपिअर गुणिले वेढे दोन्हीकडे सारखे होतील इतका. सेकंडरीकडे ०.२५ × १०० = २५ अँपिअर-वेढे. प्रायमरीकडे २५०० वेढे आहेत, म्हणून ०.०१ अँपिअर पुरतो.

५० व्होल्ट दिले, ०.०१ अँपिअर गेला. देणाऱ्याच्या दृष्टीने समोर किती ओहम आहेत? ५० ÷ ०.०१ = ५०००. व्होल्टेजकडून २५ आले, करंटकडून आणखी २५ आले. ओहम म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, म्हणून दोन्ही पंचविसांचा गुणाकार होऊन ६२५ झाले. ८ × ६२५ = ५०००. वॅटही जुळतात: सेकंडरीत २ × ०.२५ म्हणजे अर्धा वॅट, प्रायमरीत ५० × ०.०१ म्हणजेही अर्धा वॅट. ट्रान्सफॉर्मरने नवं काही निर्माण केलं नाही.

पहारीने दगड उचलताना हेच घडतं. टेकूपासून हाताची बाजू दगडाच्या बाजूच्या २५ पट लांब असेल तर हात २५ पट जास्त हलवावा लागतो आणि जोर २५ पट कमी लागतो. हाताला जाणवणारं ‘हालचाल भागिले जोर’ हे प्रमाण त्यामुळे ६२५ पटींनी बदलतं. दगड तोच असतो.

सूत्र असं लिहून ठेवा:

प्रायमरीला दिसणारे ओहम = (प्रायमरीचे वेढे ÷ सेकंडरीचे वेढे)² × लोडचे ओहम

एक बजावून सांगतो. इथे प्रायमरी म्हणजे ज्या बाजूने आपण पाहतो आहोत ती बाजू. ट्रान्सफॉर्मरला बाजूंची नावं माहीत नसतात. तोच २५ ला १ चा ट्रान्सफॉर्मर उलटा धरला, तर ५००० ओहमचा लोड दुसऱ्या बाजूने ८ ओहमचा दिसेल. आणि हे स्रोतालाही लागू पडतं: व्हॉल्व्हची बाजू १७०० ओहमची असेल, तर स्पीकरला मागे वळून पाहिल्यावर १७०० ÷ ६२५, म्हणजे साधारण २.७ ओहम दिसतात.

अनोळखी ट्रान्सफॉर्मर: मोजणी पायरीपायरीने

समजा लेबल उडालेला एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर टेबलावर आहे. एका बाजूला दोन वायर, दुसऱ्या बाजूला चार. तो सर्किटमधून पूर्ण सुटा असू द्या. सर्किटमध्ये जोडलेल्या ट्रान्सफॉर्मरवर ही मोजणी करायची नाही. व्हॉल्व्हच्या सर्किटमधले कपॅसिटर वीज बंद केल्यावरही जीवघेणा चार्ज धरून असतात.

पहिलं काम वाइंडिंग ओळखण्याचं. ओहमच्या रेंजवर प्रत्येक वायर प्रत्येक वायरशी तपासा. ज्या वायर एकमेकींशी जुळतात त्या एका वाइंडिंगच्या. दोन वायरच्या बाजूला ३०० ओहम आले, चार वायरच्या बाजूला सगळीकडे एका ओहमच्या आत. बारीक तारेचे पुष्कळ वेढे म्हणजे जास्त ओहम, म्हणून दोन वायरची बाजू प्रायमरी. दोन्ही बाजूंमध्ये, आणि प्रत्येक बाजू व लोखंडी गाभा यांच्यात, मीटरने काहीच जोड दाखवता कामा नये. दाखवला तर इन्सुलेशन गेलेलं आहे. तो ट्रान्सफॉर्मर तिथेच बाजूला ठेवा. या ओहमच्या मोजणीचा उपयोग इथे संपतो. गुणोत्तर त्यातून काढायला जाऊ नका. तारेची जाडी दोन्हीकडे वेगवेगळी असते.

दुसरं काम गुणोत्तर मोजण्याचं. एखाद्या लहान १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचं एसी आउटपुट घ्या आणि ते अनोळखी ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला, म्हणजे जास्त ओहमच्या बाजूला, जोडा. हे उलटं करू नका. सेकंडरीला १२ व्होल्ट दिले तर २५ च्या गुणोत्तराने प्रायमरीवर ३०० व्होल्ट उभे राहतील, आणि त्या वायर तुमच्या बोटांजवळ उघड्या आहेत. घरातल्या सॉकेटची वीज थेट कुठल्याही बाजूला देऊ नका.

आता दोन्हीकडचं व्होल्टेज लोड न लावता मोजा. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लोडशिवाय थोडं जास्तच देतो, तेव्हा छापील आकड्यावर विसंबू नका. प्रायमरीवर प्रत्यक्ष काय आहे ते वाचा. समजा १३.८ व्होल्ट आले. सेकंडरीच्या चार वायरपैकी एक टोकाची वायर समाईक धरून बाकीच्या तीन मोजल्या, तर ०.३९, ०.५५ आणि ०.७८ व्होल्ट. समाईक वायर कोणती हे कळायचा सोपा मार्ग: सगळ्या जोड्या मोजा. ज्या जोडीत सर्वांत जास्त व्होल्टेज, ती दोन टोकं. त्या दोन टोकांपैकी एकीपासून सर्वांत मोठ्या आकड्याच्या अर्ध्यावर आणि सुमारे ७१ टक्क्यांवर बाकीचे दोन टॅप (वाइंडिंगच्या मधूनच बाहेर काढलेल्या वायर) आले, तर ती समाईक.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. गुणोत्तराचा वर्ग करायचा असल्याने मोजणीतली चूक दुप्पट होऊन ओहममध्ये उतरते. व्होल्टेजमध्ये ५ टक्के चूक, तर ओहममध्ये जवळपास १० टक्के. पुष्कळ स्वस्त मीटरांत एसीची सगळ्यांत खालची रेंज २०० व्होल्टची असते आणि ती दशांशाच्या एकाच स्थळापर्यंत दाखवते. ०.५५ च्या जागी तो नुसता ०.५ दाखवेल. मग गुणोत्तर २५ ऐवजी २७.६ निघेल, वर्ग ७६२, आणि ८ ओहमचे ५००० ऐवजी जवळपास ६१०० होतील. म्हणून मिलिव्होल्ट वाचणारा मीटर वापरा.

तिसरं काम गणिताचं, आणि ते दोन ओळींचं आहे. १३.८ ÷ ०.५५ = २५.१, वर्ग ६३०, त्यावर ८ ओहम लावले की ५०४०. १३.८ ÷ ०.७८ = १७.७, वर्ग ३१३, त्यावर १६ ओहम लावले की सुमारे ५०००. १३.८ ÷ ०.३९ = ३५.४, वर्ग १२५२, त्यावर ४ ओहम लावले की पुन्हा ५०००. तिन्ही टॅप एकाच आकड्यावर येऊन थांबले. म्हणजे हे ४, ८ आणि १६ ओहमचे टॅप, आणि प्रायमरी ५००० ची.

पण थांबा. मी इथे ४, ८, १६ हे आधीच गृहीत धरले. मोजणीने सिद्ध झालं ते इतकंच की टॅपांचे वर्ग १ : २ : ४ या प्रमाणात आहेत. हाच ट्रान्सफॉर्मर २, ४, ८ ओहमच्या स्पीकरांना जोडला तर प्रायमरी २५०० ची ठरेल. ८, १६, ३२ ना जोडला तर १०,००० ची. तीनही उत्तरं गणिताने बरोबर आहेत. बनवणाऱ्याने कुठलं उत्तर मनात धरलं होतं ते प्रायमरीचं इंडक्टन्स (बदलत्या करंटला अडवण्याचा गुण), तारेची जाडी आणि गाभ्याचा आकार यांवरून कळतं, वेढ्यांवरून कळत नाही.

टॅपांमधला सापळा

८ आणि १६ ओहमच्या टॅपांच्या मध्ये किती ओहमचा स्पीकर लावता येईल? ‘१६ वजा ८, म्हणजे ८’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर वेगळं लिहायलाच हवं. वजाबाकी ओहमची होत नाही, वेढ्यांची होते. १६ च्या टॅपला १०० वेढे असतील तर ८ च्या टॅपला ७०.७ आणि ४ च्या टॅपला ५०. ८ आणि १६ मध्ये उरतात २९.३ वेढे, म्हणजे १०० च्या ०.२९३ पट. त्याचा वर्ग ०.०८६, गुणिले १६, म्हणजे जेमतेम १.४ ओहम. तिथे ८ ओहमचा स्पीकर लावला तर व्हॉल्व्हला जवळपास २९,००० ओहम दिसतील. आवाज क्षीण आणि चिरका होईल.

आणि ४ ते १६ च्या मध्ये? ५० वेढे उरतात, म्हणजे पुन्हा बरोबर ४ ओहम.

उलट गणित: हव्या असलेल्या ओहमवरून गुणोत्तर

बहुतेक वेळा प्रश्न उलटा असतो. व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकात लोड दिलेला असतो आणि ट्रान्सफॉर्मर शोधायचा असतो. ६व्ही६ हा व्हॉल्व्ह २५० व्होल्टच्या प्लेटवर (प्लेट म्हणजे व्हॉल्व्हचं आउटपुटचं टोक) एकटा चालवताना त्याच्या माहितीपत्रकात ५००० ओहमचा लोड आणि ४.५ वॅट आउटपुट दिलेलं आहे. स्पीकर ८ ओहमचा. ५००० ÷ ८ = ६२५, वर्गमूळ २५. ४ ओहमचा स्पीकर असेल तर १२५० चं वर्गमूळ, ३५.४. वर्गमूळ काढायचं विसरून ६२५ ला १ चा ट्रान्सफॉर्मर शोधत बसणारेही भेटतात.

हा ५००० चा आकडा काही ‘व्हॉल्व्हच्या आतल्या रोधाइतका लोड’ या नियमातून आलेला नाही. जास्तीत जास्त वॅट मिळण्यासाठी स्रोताचा रोध आणि लोड सारखे असावेत, हे पुस्तकातलं वाक्य खरं आहे. पण ते स्रोताचं व्होल्टेज कायम आणि त्यावर कसलीही मर्यादा नाही असं धरून सांगितलेलं आहे. ६व्ही६ चा प्लेट रोध ५००० च्या कित्येक पट मोठा असतो. त्याला तेवढाच लोड दाखवला तर प्लेटचं व्होल्टेज हलायला जागाच उरणार नाही. ५००० निवडले जातात ते उपलब्ध व्होल्टेज आणि करंट दोन्ही पुरेपूर वापरले जावेत आणि आवाजातली विकृती कमी राहावी म्हणून. तेव्हा माहितीपत्रकातला लोड माना आणि त्यावरून गुणोत्तर काढा.

पुश-पुलमध्ये, म्हणजे दोन व्हॉल्व्ह एकमेकांच्या उलट दिशेने काम करतात त्या रचनेत, आकडा एका प्लेटपासून दुसऱ्या प्लेटपर्यंतचा देतात. समजा तो ८००० आहे. प्रायमरीच्या मधोमध टॅप असतो, म्हणजे एका व्हॉल्व्हच्या वाट्याला निम्मे वेढे. निम्म्या वेढ्यांचा वर्ग पाव, म्हणून दुसरा व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना चालू असलेल्या व्हॉल्व्हला ४००० नव्हे, २००० ओहम दिसतात. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी काम करत असताना मात्र प्रत्येकाला ४००० दिसतात, कारण दुसराही तेच ओझं उचलत असतो.

सभागृहांत वापरतात त्या १०० व्होल्ट लाइनच्या ट्रान्सफॉर्मरवर ओहम लिहिलेलेच नसतात, वॅट लिहिलेले असतात. पण आत तेच सूत्र. १० वॅटचा टॅप म्हणजे १०० व्होल्टवर १० वॅट ओढणारा लोड: १००² ÷ १० = १००० ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला १००० करायचे म्हणजे १२५ चं वर्गमूळ, ११.२ चं गुणोत्तर. असे दहा स्पीकर लाइनवर समांतर जोडले की अ‍ॅम्प्लिफायरला १०० ओहम दिसतात, म्हणजे १०० वॅट. वॅटची बेरीज करत गेलं की ओहमचं गणित आपोआप सांभाळलं जातं, म्हणून ही पद्धत टिकली.

चढत्या, म्हणजे व्होल्टेज वाढवणाऱ्या, ट्रान्सफॉर्मरमध्ये लोड लहान दिसतो. रेकॉर्ड प्लेयरच्या मूव्हिंग कॉइल पिकअपसाठी (सुईला जोडलेली, अगदी कमी व्होल्टेज देणारी कॉइल) १ ला १० चा ट्रान्सफॉर्मर लावला आणि पुढच्या फोनो इनपुटचा रोध नेहमीप्रमाणे ४७,००० ओहम असला, तर पिकअपला ४७० ओहम दिसतात. १ ला २० चा लावला तर ११८. व्होल्टेज दुप्पट मिळतं म्हणून मोठं गुणोत्तर घ्यावंसं वाटतं, पण लोड चौपट जड होतो आणि आवाजाची घडण बदलते. आधी लोडचं गणित करा, मग व्होल्टेजकडे पाहा.

रेडिओवाल्यांसाठी एकच सूचना, पण ती विसरू नका. बालनवर लिहिलेलं ४:१ हे ओहमचं गुणोत्तर असतं. वेढे २ ला १. ९:१ म्हणजे वेढे ३ ला १. एका टोकाने जोडलेल्या अर्ध्या तरंगलांबीच्या अँटेनासाठी वापरतात तो ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर ७ ला १ वेढ्यांचा असतो, आणि तो अँटेनाचे सुमारे २४५० ओहम ५० वर आणतो. ऑडिओतले लोक वेढे सांगतात, रेडिओतले ओहम सांगतात. ट्रान्सफॉर्मर मागवताना कुठला आकडा बोलतो आहोत ते स्पष्ट विचारा.

खरा ट्रान्सफॉर्मर सूत्रापासून किती दूर

सुरुवातीला मीटरने दाखवलेले ३०० ओहम आणि अर्धा ओहम इथे परत येतात. सेकंडरीच्या तारेचा अर्धा ओहम लोडशी सिरीजमध्ये आहे, म्हणून तोही ६२५ पट होऊन प्रायमरीला दिसतो. प्रायमरीच्या तारेचे ३०० मात्र आधीच प्रायमरीच्या बाजूला असल्याने जसेच्या तसे मिळवायचे. एकूण: ३०० + ६२५ × (८ + ०.५) = ५६१२ ओहम. त्यातले उपयोगाचे ५०००, म्हणजे ८९ टक्के. उरलेले ११ टक्के तांब्यात उष्णता होऊन जातात. हा तोटा अर्धा डेसिबलच असतो, कानाला फारसा कळत नाही.

खालच्या स्वरांत वेगळी अडचण. प्रायमरीचं स्वतःचं इंडक्टन्स त्या दिसणाऱ्या ५००० ना समांतर असतं. ते १० हेन्री असेल तर १००० हर्ट्झवर सुमारे ६३,००० ओहमचा अडथळा देतं आणि कुणाला त्याची जाणीवही होत नाही. ५० हर्ट्झवर तेच ३१४० ओहमवर येतं, आणि करंट लोडकडे जाण्याऐवजी तिथून निसटू लागतो. स्रोत ५००० आणि लोड ५००० धरला तर ४० हर्ट्झच्या आसपास आउटपुट ३ डेसिबलने खाली येतं. वर ‘वेढ्यांवरून कळत नाही’ म्हटलं ते यासाठी: हाच ट्रान्सफॉर्मर १०,००० ओहमचा म्हणून वापरला आणि स्रोतही १०,००० चा असला, तर ती मर्यादा ८० हर्ट्झवर सरकेल. गुणोत्तर चुकलेलं नसेल, पण तबल्याच्या डग्ग्याचा घुमार हरवेल.

वरच्या टोकाला दोन वाइंडिंगमधला न जुळलेला चुंबकी प्रवाह आड येतो. तो लोडशी सिरीजमध्ये बसलेल्या छोट्या इंडक्टन्ससारखा वागतो. तो कमी करण्यासाठीच चांगल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरी थरांथरांनी आलटून पालटून गुंडाळतात.

लोडमध्ये कपॅसिटर किंवा कॉइल असेल तरी वर्गाचा नियम तोच. सेकंडरीवरचं १ मिलिहेन्री प्रायमरीला ६२५ मिलिहेन्री दिसतं. कपॅसिटर मात्र भागला जातो, कारण त्याचा अडथळा कपॅसिटन्सच्या व्यस्त असतो: १ मायक्रोफॅरड तिकडून ०.००१६ मायक्रोफॅरड दिसतो.

आणि स्पीकर तरी कुठे शुद्ध ८ ओहमचा असतो? मीटरवर तो ६ च्या आसपास दाखवतो, त्याच्या नैसर्गिक कंपनाच्या वारंवारतेवर एखादा ४० पर्यंतही चढतो. तेव्हा प्रायमरीला २५,००० दिसतात. ५००० हा मधल्या पट्ट्यातला कामचलाऊ आकडा समजा आणि त्यात १०–१५ टक्क्यांचा फरक आला तर झोप उडवून घेऊ नका.

प्रत्यक्ष पडताळा

हा प्रयोग एकदा तरी हाताने करावा असं मी कळकळीने सांगेन, कारण त्यानंतर शंका उरत नाही. सिग्नल जनरेटर १००० हर्ट्झवर ठेवा. त्याच्या आउटपुटला ४७०० ओहमचा रेझिस्टर, त्याच्या पुढे सिरीजमध्ये ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी. सेकंडरीच्या ८ च्या टॅपवर स्पीकर नको, ८ ओहमचा रेझिस्टर लावा. सगळं जोडलेलं असताना जनरेटरचं व्होल्टेज वाचा, समजा ५.०० व्होल्ट. मग प्रायमरीवरचं वाचा, समजा २.७२. उरलेले २.२८ रेझिस्टरवर पडले.

दिसणारे ओहम = ४७०० × २.७२ ÷ २.२८ = ५६०७

वर गणिताने ५६१२ आले होते. आता सेकंडरीवरचा रेझिस्टर काढून ४ ओहमचा लावा. मीटरवर प्रायमरीचं व्होल्टेज झटकन खाली येतं, आणि हिशेब केला तर सुमारे ३१०० ओहम निघतात. दोन्ही वाइंडिंग एकमेकींना कुठेही जोडलेल्या नसताना एका बाजूला बदललेला रेझिस्टर दुसऱ्या बाजूला असा उमटतो. १८३१ मध्ये फॅरडेने लोखंडी कड्यावर दोन गुंडाळ्या गुंडाळल्या, तेव्हापासूनचं हे नातं आहे. पुष्कळ साध्या मल्टिमीटरची एसी मोजणी ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाची असते. तुमचा तसा असेल तर जनरेटर ४०० वर आणा, उत्तर दोन-तीन टक्क्यांनीच हलेल.

जोडताना

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर लोडशिवाय कधीही चालू करू नका. सेकंडरी उघडी म्हणजे प्रायमरीला दिसणारा लोड जवळपास अनंत. व्हॉल्व्ह करंट तोडू पाहतो, गाभ्यातल्या साठलेल्या ऊर्जेला जायला वाट उरत नाही, आणि प्लेटवरचं व्होल्टेज उसळी मारून इन्सुलेशन फोडतं. स्पीकर उपलब्ध नसेल तर योग्य वॅटचा रेझिस्टर लावा.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर मिळत नाही म्हणून काही जण साधा पॉवर ट्रान्सफॉर्मर वापरून पाहतात. २३० व्होल्टला ९ व्होल्टचा असेल तर गुणोत्तर २५.६, आणि ८ ओहमचे ५२०० दिसतात. कागदावर मस्त जुळतं. दोन गोष्टी आडव्या येतात. छापलेले ९ व्होल्ट पूर्ण लोडवरचे असतात, वेढे त्याहून थोडे जास्त घातलेले असतात. म्हणून लोडशिवाय मोजलेल्या व्होल्टेजवरूनच गुणोत्तर काढा, आणि ते सहसा २५.६ पेक्षा कमीच निघेल. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. एकट्या ६व्ही६ च्या प्लेटचा ४५ मिलिअँपिअरचा डीसी करंट प्रायमरीतून सतत वाहतो. डीसी सेकंडरीकडे जात नाही, पण गाभ्याला एकाच दिशेने चुंबकित करून ठेवतो. एकट्या व्हॉल्व्हसाठीच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात यासाठीच मुद्दाम बारीक फट ठेवलेली असते. पॉवर ट्रान्सफॉर्मरमध्ये ती नसते. गाभा संपृक्त झाला, म्हणजे आणखी चुंबकित होईनासा झाला, की इंडक्टन्स कोसळतं आणि खालचे स्वर फाटतात. गुणोत्तर बरोबर असूनही ट्रान्सफॉर्मर चुकीचा ठरतो तो असा.

चुकीच्या टॅपवर स्पीकर गेला तर काय? ८ च्या टॅपवर ४ ओहम म्हणजे व्हॉल्व्हला २५०० दिसणार, १६ ओहम म्हणजे १०,०००. थोडा वेळ चालवून पाहायला हरकत नाही, पण आवाज वाढवून तासन्‌तास चालवू नका. जोडणी झाल्यावर न वापरलेले टॅप प्रत्येकी वेगळे इन्सुलेट करा. ते एकमेकांना चिकटले तर सेकंडरीचा काही भाग शॉर्ट होतो, आणि शून्य ओहमला ६२५ ने गुणलं तरी प्रायमरीला शून्यच दिसतं.